डबा तोच, बोर्ड वेगळा. बोर्ड तोच, डबा वेगळा

महिन्याभरात झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या ब्रिटिश घरगुती कॉम्प्युटरवरचा एकच मजकूर मला चौघांनी पाठवला. वर रबरी बटणांच्या काळ्या मशीनचा फोटो आणि खाली साधारण हे: ‘जगातला पहिला घरगुती कॉम्प्युटर. सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी एकट्यानं बनवला. पुढच्या दहा वर्षांत सात मॉडेलं निघाली, पण आत बोर्ड तोच, डबा फक्त बदलला. १२८ हे खास ब्रिटिश मॉडेल. मग अ‍ॅमस्ट्रॅडनं कंपनी घेतली आणि स्पेक्ट्रम मारला. रशियन लोकांनी तो जसाच्या तसा चोरला. भारतात तो कधी आलाच नाही.’

पाठवणाऱ्यांपैकी दोघं जुनी मशीनं विकत घेणारी आहेत. एकानं तर याच मजकुराच्या भरवशावर पैसे घालवले. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘जगातला पहिला घरगुती कॉम्प्युटर.’ नाही. स्पेक्ट्रम २३ एप्रिल १९८२ ला जाहीर झाला. अ‍ॅपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० ही तिन्ही मशीनं १९७७ ची. खुद्द सिंक्लेअरच्या घरातही स्पेक्ट्रम हे तिसरं अपत्य होतं: १९८० चा झेडएक्स८०, १९८१ चा झेडएक्स८१, मग हा. झेडएक्स८१ तयार घेतला तर ६९.९५ पौंड आणि सुटे भाग घेऊन स्वतः जोडला तर ४९.९५ पौंड. मेमरी १ के, म्हणजे एक किलोबाइट. आज एका व्हॉट्सअ‍ॅप स्टिकरलाही ती पुरणार नाही. स्वस्त कॉम्प्युटर घराघरात नेण्याची वाट त्यानं पाडली, हे म्हणा, मी मान डोलावतो. ‘पहिला’ म्हणू नका.

‘एकट्यानं बनवला.’ याचा मला जास्त राग येतो. बोर्डची, म्हणजे आतल्या सर्किटची, रचना रिचर्ड आल्टवॉसरची. बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि रॉममधलं (मशीनमध्ये कायमच्या कोरलेल्या मेमरीतलं) बाकी सगळं ‘नाइन टाइल्स’ या छोट्या कंपनीतल्या स्टीव्ह व्हिकर्सचं. तो काळा डबा, रबरी बटणं आणि कोपऱ्यातली रंगीत पट्टी रिक डिकिन्सनची. क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी किंमत ठरवली, मर्यादा घातल्या आणि माणसं निवडली. हे काम छोटं नाही, पण सोल्डरिंग आयर्न हातात घेऊन त्यांनी स्पेक्ट्रम घडवला हे चित्र खोटं आहे. आल्टवॉसर आणि व्हिकर्स तर स्पेक्ट्रम बाजारात येता येताच बाहेर पडले आणि त्यांनी ‘ज्युपिटर एस’ नावाचं स्वतःचं मशीन काढलं. ते असे निघून गेल्याची खूण स्पेक्ट्रमच्या रॉममध्ये आजही सापडते. १६ के रॉममधली हजाराहून जास्त बाइट्सची जागा नुसती रिकामी आहे, आणि एनएमआय (प्रोसेसरला टाळता न येणारा) सिग्नल आल्यावर चालणाऱ्या छोट्या तुकड्यात एक अट उलटी लिहिली गेली आहे. घाईघाईत अर्धवट सोडलेलं काम लाखो घरांत पोचलं आणि कायमचं राहिलं.

आता मुख्य मुद्दा: ‘आत बोर्ड तोच, डबा फक्त बदलला.’

हे वाक्य एका मॉडेलपुरतं खरं आहे. ऑक्टोबर १९८४ चा स्पेक्ट्रम प्लस. १७९.९५ पौंड, टणक प्लास्टिकचा कीबोर्ड, बाजूला रीसेटचं बटण. आत ४८ के चाच बोर्ड. कंपनी जुन्या गिऱ्हाइकांना नुसता नवा डबा-कीबोर्डही विकत होती, पेचकस घेऊन घरी बदला म्हणून. इथं मजकूर लिहिणाऱ्याचे गुण पूर्ण.

बाकी सगळीकडे गोष्ट उलटी आहे. पहिल्या काळ्या रबरी डब्यापासूनच सुरू करू. बाहेरून सगळे सारखे दिसतात. १६ के ची किंमत १२५ पौंड, ४८ के ची १७५. पण आत बोर्डच्या एकामागून एक आवृत्त्या आहेत, आणि बोर्डवरच ‘इश्यू’ म्हणून आकडा छापलेला असतो. इश्यू १ चे सुमारे ६०,००० नग निघाले. त्यात फेरांटी या कंपनीनं बनवलेल्या यूएलए चिपमध्ये (पडदा आणि कीबोर्ड सांभाळणारी मुख्य चिप) चूक राहिली होती, म्हणून एक जास्तीची आयसी उताणी चिकटवून, पाय वर करून, तारांनी जोडली गेली. दुरुस्ती करणारे तिला ‘झुरळ’ म्हणतात आणि डबा उघडल्यावर दुसरं नाव सुचतही नाही. इश्यू १ ची बटणं फिकट राखाडी, नंतरच्यांची निळसर राखाडी; बाहेरून मिळणारी खूण एवढीच, आणि बटणांची रबरी चादर कुणी बदलली असेल तर तीही गेली.

इश्यू २ आणि इश्यू ३ मधला फरक तर वापरणाऱ्याच्या पदरात पडला. कीबोर्ड ज्या पोर्टवरून वाचतात, त्याच बाइटमधला एक बिट कॅसेटच्या सॉकेटचा आहे. इश्यू ३ मध्ये तो बिट वेगळा दिसू लागला. ज्या प्रोग्रॅमरांनी फक्त कीबोर्डचे पाच बिट तपासले ते वाचले. ज्यांनी आळस करून अख्खा बाइट तपासला, त्यांचे खेळ नव्या मशीनवर कीबोर्डला दादच देईनात. कॅसेट तीच आणि डबाही तोच, पण शेजाऱ्याकडे खेळ चालतो आणि आपल्याकडे नाही.

मेमरीची गंमत सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. ४८ के मधले वरचे ३२ के कुठून आले? ६४ किलोबिटच्या ज्या चिप अर्ध्या बिघडलेल्या निघत, त्यांचा चांगला अर्धा भाग वापरून. कारखान्यात टाकाऊ ठरलेला माल सिंक्लेअरनं स्वस्तात उचलला, आणि कुठला अर्धा चांगला आहे हे सांगायला बोर्डवर तारेचा एक तुकडा जोडला. दोन बोर्ड शेजारी ठेवले तर तो तुकडा वेगवेगळ्या जागी दिसू शकतो. आपल्याकडचा कुठलाही भंगारवाला या विचाराला दाद देईल. खालचे १६ के मात्र ४११६ चिपचे, आणि त्यांना ५, उणे ५ आणि १२ असे तीन व्होल्टेज लागतात. ते पुरवणाऱ्या भागातला टीआर४ ट्रान्झिस्टर गेला की जाता जाता तो अनेकदा मेमरी चिपही घेऊन जातो. बंद पडलेला स्पेक्ट्रम हातात आला की जाणकार आधी तिथं मीटर लावतात.

आणि आता माझ्या मित्राचे पैसे. सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा विकत घेतलेल्या अ‍ॅमस्ट्रॅडनं १९८६ मध्ये प्लस टू काढला: राखाडी डबा, त्यातच बसवलेला कॅसेट रेकॉर्डर, किंमत १४९ पौंड. आतला बोर्ड आधीच्या ‘१२८’ या मॉडेलच्याच घराण्यातला. १९८७ मध्ये प्लस थ्री आला, तीन इंची डिस्क ड्राइव्हसह, २४९ पौंडांना, आणि त्याचा बोर्ड नव्यानं बनवलेला: चार रॉम, मेमरी पानं बदलण्याची नवी पद्धत, सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम चालेल अशी सोय. मग अ‍ॅमस्ट्रॅडनं काय केलं, तर हाच नवा बोर्ड प्लस टूच्या आकाराच्या काळ्या डब्यात घातला, डिस्कऐवजी कॅसेट ठेवली, आणि दर्शनी भागावर नाव तेच: प्लस टू. आपण आज त्याला प्लस टू-ए म्हणतो. म्हणजे जुळी भावंडं वाटणारी राखाडी आणि काळी प्लस टू ही आतून वेगळ्या घरची, आणि अजिबात न जुळणारे काळा प्लस टू आणि प्लस थ्री सख्खे भाऊ. मित्राकडे मायक्रोड्राइव्ह (टेपच्या छोट्या कार्ट्रिजवर प्रोग्रॅम साठवणारं यंत्र) आणि ते जोडायचं इंटरफेस वन होते; त्यांच्यासाठी त्यानं ‘डबा फक्त बदलला’ यावर विसंबून काळा प्लस टू घेतला. मागच्या कनेक्टरवरचे काही सिग्नल नव्या बोर्डवर बदललेले असल्यानं इंटरफेस वन त्यावर चालत नाही. ४८ के साठी लिहिलेले काही खेळही त्यावर अडतात, कारण जुन्या बोर्डच्या एका न लिहिलेल्या सवयीवर ते अवलंबून होते: मोकळ्या पोर्टवर पडद्याचा डेटा दिसायचा, तो नव्यावर तसा दिसत नाही.

‘१२८ हे खास ब्रिटिश मॉडेल.’ ते आधी स्पेनमध्ये विकलं गेलं, १९८५ च्या सप्टेंबरात. ब्रिटनमध्ये आलं फेब्रुवारी १९८६ ला. सिंक्लेअरनं ते ‘इन्व्हेस्ट्रॉनिका’ या स्पॅनिश कंपनीबरोबर विकसित केलं होतं. ही ‘एल कोर्ते इंग्लेस’ या तिथल्या मोठ्या दुकान-साखळीची कंपनी. स्पेनच्या सरकारनं ६४ के किंवा त्याहून कमी मेमरीच्या कॉम्प्युटरांवर खास कर लावला होता, शिवाय स्पॅनिश अक्षरांची आणि स्पॅनिश संदेशांची अट. तेव्हा १२८ के हा आकडा करातून सुटायलाही सोयीचा. (याच कराला चकवायला अ‍ॅमस्ट्रॅडनं स्पेनमध्ये सीपीसी ४७२ हा आपला कॉम्प्युटर विकला. ६४ के वर ८ के ची एक चिप लावलेली, जी मशीनला वापरताच येत नव्हती. कर भरायचा नाही म्हणून शोभेची मेमरी.) ब्रिटनमध्ये उशीर का? दुकानांत प्लसचा माल पडून होता आणि तो आधी खपायला हवा होता. स्पॅनिश १२८ बरोबर आकड्यांचा वेगळा कीपॅड येत असे, ब्रिटिशांना तो मिळालाच नाही. बाजूला गरम होणारी धातूची जाळी असल्यानं या मशीनला लोक आजही ‘टोस्टरॅक’ म्हणतात.

‘अ‍ॅमस्ट्रॅडनं स्पेक्ट्रम मारला.’ अ‍ॅलन शुगर या अ‍ॅमस्ट्रॅडच्या मालकांवर प्रेम असण्याची गरज नाही, तारखा पुरेशा आहेत. १९८४ चा क्यूएल हा सिंक्लेअरचा नवा कॉम्प्युटर चालला नाही. १९८५ ची सी५ ही बॅटरीवरची तिचाकी लोकांच्या हसण्यावारी गेली. त्याच वर्षी वृत्तपत्रांचे मालक रॉबर्ट मॅक्सवेल कंपनी वाचवायला येणार अशी घोषणा झाली, आणि ते दोन महिन्यांत मागे फिरले. ७ एप्रिल १९८६ ला अ‍ॅमस्ट्रॅडनं सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा ५० लाख पौंडांना घेतला. त्यानंतर स्पेक्ट्रमची नवी मॉडेलं निघत राहिली आणि विक्री नव्वदच्या दशकात जाईपर्यंत चालली. आजारी माणसाला घरी नेऊन पाच-सहा वर्षं सांभाळणाऱ्यावर खुनाचा आळ घालण्यासारखं आहे हे. मात्र एका गोष्टीबद्दल अ‍ॅमस्ट्रॅडला मी माफ करणार नाही: जॉयस्टिकचं सॉकेट दिलं, पण तारा अशा उलटसुलट जोडल्या की बाजारातल्या साध्या जॉयस्टिक चालू नयेत आणि त्यांचीच घ्यावी लागावी.

‘रशियन लोकांनी जसाच्या तसा चोरला.’ परवाना नव्हता, हे खरं. ‘जसाच्या तसा’ मात्र शक्यच नव्हतं, कारण फेरांटीची यूएलए त्यांना मिळत नव्हती. ती एकच चिप जे काम करते ते त्यांनी बाजारात मिळणाऱ्या साध्या लॉजिक आयसींची रांग लावून करून घेतलं. लेनिनग्राडमध्ये सर्गेई झोनोव्ह यांनी असाच एक सोपा बोर्ड काढला, शहराचंच नाव असलेला, आणि पुढे २५६ के चा स्कॉर्पिअनही. पेंटॅगॉन नावाचा बोर्ड सगळ्यांत जास्त पसरला. मूळ स्पेक्ट्रममध्ये यूएलए पडदा रंगवताना प्रोसेसरला थोपवून धरते. पेंटॅगॉनमध्ये तसं थांबणं नाही, आणि पडद्याच्या एका फ्रेमला प्रोसेसरचे ७१,६८० ठोके लागतात, ४८ के ला ६९,८८८. म्हणून पेंटॅगॉनवर बेतलेले डेमो (चित्रं-संगीताची करामत दाखवणारे प्रोग्रॅम) मूळ ब्रिटिश मशीनवर फाटतात आणि उलटही. चेकोस्लोव्हाकियात डिडाक्टिक, रोमेनियात एचसी-८५, ब्राझीलमध्ये टीके९०एक्स, प्रत्येकाची आतली जुळवाजुळव वेगळी. आणि परवाना असूनही सगळ्यांत दूर गेलेला भाऊ अमेरिकेतला: टाइमेक्सचा २०६८. साउंड चिप, कार्ट्रिज, पडद्याच्या जास्तीच्या पद्धती, आणि रॉम इतकी बदललेली की स्पेक्ट्रमचे बहुतेक खेळ चालेनात. १९८३ च्या अखेरीस आला, १९८४ च्या सुरुवातीला टाइमेक्सनं अमेरिकेत धंदाच आवरला.

‘भारतात कधी आलाच नाही.’ डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनं १९८६ मध्ये परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ इथं विकायला काढला. त्याच्या आधी, १९८४ पासून, सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून शाळांत बीबीसी मायक्रो आले होते, म्हणून अनेकांच्या आठवणीत दोन्ही एकमेकांत मिसळतात. शाळेच्या कुलूपबंद, चपला बाहेर काढायला लावणाऱ्या खोलीत पाहिलेला बहुधा बीबीसी. ओळखीच्या कुणाच्या घरी टीव्हीला लावलेला असेल तर स्पेक्ट्रम. त्या काळच्या आपल्या कृष्णधवल टीव्हीवर त्याची जगप्रसिद्ध खोड, आठ बाय आठच्या चौकटीत दोनच रंग मावल्यानं रंग एकमेकांवर सांडण्याची, निदान डोळ्यात खुपत नसे.

तुमच्या माळ्यावर असा एखादा निघाला, तर हाताला लागेल तो ९ व्होल्टचा अडॅप्टर खुपसू नका. मूळ स्पेक्ट्रमच्या पिनेत आतलं टोक ऋण असतं, आजच्या बहुतेक अडॅप्टरांच्या बरोबर उलट. आधी खालचे स्क्रू काढा. वरचं झाकण हळूच उचला, कारण कीबोर्डच्या पारदर्शक पट्ट्या इतक्या वर्षांत कडक झालेल्या असतात आणि ओढल्या की तुटतात. मग बोर्डवर ‘इश्यू’च्या पुढे कुठला आकडा छापलाय ते वाचा.