घाटात डिझेल, शहरात पेट्रोल: शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरचा वाद

निमित्त तेजसचं झालं. त्याला गाडी घ्यायचीय आणि मन दोन गाड्यांत अडकलंय: डिझेलवरची सेकंडहँड पोलो जीटी टीडीआय, नाहीतर पेट्रोलवरची आय20 एन लाइन. हे त्याने कट्ट्यावर बसता बसता सांगितलं आणि निखिल ताडकन म्हणाला, "मजेसाठी डिझेल? डिझेल घ्यायचं ते पैसे वाचवायला. मजा हवी तर पेट्रोल घे."

अनघाकडे जुनी स्विफ्ट डिझेल आहे, दर गणपतीला आणि मे महिन्यात देवगडला जाते. ती कशाला गप्प बसेल? "तू माझी गाडी आंबा घाटात कधी चालवलीयस का? तिसऱ्या गिअरला इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर आलं की गाडी जी खेचते ना, तुझ्या पेट्रोलला तिथे दोन गिअर खाली यावं लागेल."

"यावं लागेल, बरोबर. आणि तीच मजा आहे! गिअर टाकायचा, इंजिन वर न्यायचं, सहा हजारांपर्यंत ते गात जातं. तुझं साडेचार हजारांना दम टाकतं."

वादाचा गाभा या दोन वाक्यांत आहे. दोघंही खरं बोलत होते, म्हणून तर वाद तासभर चालला.

मंदार इंजिनांच्या धंद्यातला. त्याने मोबाइलवर गणित करून दाखवलं. स्विफ्टचं 1.3 लिटरचं डिझेल मूळचं फियाटचं मल्टिजेट, 75 अश्वशक्ती आणि 190 न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर), तोही 2000 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 2000 फेऱ्यांना. टॉर्क गुणिले फेरे म्हणजे ताकद, म्हणून त्या क्षणी इंजिन 54 अश्वशक्तीच्या आसपास देत असतं. त्याच काळातल्या 1.2 लिटरच्या पेट्रोल स्विफ्टचा टॉर्क 115च्या आतबाहेर. तेवढीच ताकद काढायला तिला साधारण साडेतीन हजार फेरे लागतात. घाटात मागे चार माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या आणि पुढे एसटी असते, तेव्हा हा फरक कागदावरचा राहत नाही, पायाखाली जाणवतो.

"पण 250 टॉर्क, 190 टॉर्क असे आकडे नुसते फेकू नका," मंदारने अनघालाही थांबवलं. "डिझेलचे गिअर लांब असतात, कारण इंजिन फार वर फिरत नाही. पेट्रोलचे गिअर आखूड. चाकापर्यंत पोचेस्तोवर निम्मा फरक तिथेच विरतो." मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण डिझेलवाले नेमके इथेच फसवे बोलतात. टॉर्कचा मोठा आकडा म्हणजे आपोआप जास्त वेग नाही. डिझेलची खरी देणगी अशी की ताकद लवकर मिळते, न मागता मिळते.

विजूदादांचं प्रभादेवीला गॅरेज आहे. ते तोवर ऐकत होते. "निखिल, तू फियाटची पालिओ 1.6 चालवलीयस का?" त्यांनी विचारलं. "नाही ना? कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. शंभराच्या आसपास अश्वशक्ती, इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो नाही, काही नाही. तिला पळवायचं तर वरच न्यावं लागायचं. पोरं वेडी होती तिच्यामागे, आणि पेट्रोलपंपावर तितकीच रडायची. मग स्विफ्ट डिझेल आली 2007ला. तीच पोरं तिच्यात बसली आणि परत कधी उतरली नाहीत."

"पैशासाठी, विजूदादा."

"आधी पैशासाठी, हो. तेव्हा डिझेलच्या दरावर सरकारचा हात होता, 2014च्या ऑक्टोबरात तो उठला. पण माझ्याकडे येणारी पोरं पैशाबद्दल बोलायची नाहीत. एक्झॉस्ट बदला, इंजिनाचा कॉम्प्युटर रीमॅप करून ताकद वाढवा, टायर रुंद टाका. काटकसर करणारा माणूस टायर रुंद टाकत नाही."

यावर निखिलकडे उत्तर नव्हतं, पण त्याने दुसरा, जास्त जोरदार मुद्दा काढला. तासाभरात हाच मला सर्वांत पटला. तो म्हणाला, तुम्ही सगळे जुन्या, टर्बो नसलेल्या पेट्रोलशी भांडताय. आजच्या टर्बो पेट्रोलकडे बघा. एन लाइनचं एक लिटरचं इंजिन 120 अश्वशक्ती देतं आणि 172चा टॉर्क 1500पासून 4000पर्यंत सपाट. म्हणजे डिझेलची खालची खेच आली आणि वर फिरण्याची मोकळीकही राहिली. मग डिझेलकडे उरलं काय?

पोलोच्या दोन जीटी आठवल्या की या प्रश्नाचं वजन कळतं. 2013मध्ये फोक्सवॅगनने एकाच अंगाच्या दोन जीटी आणल्या. टीएसआय 1.2 लिटर टर्बो पेट्रोल, टीडीआय 1.6 लिटर डिझेल, आणि अश्वशक्ती दोन्हींची 105. पेट्रोलचा टॉर्क 175, पण 1500 ते 4100 असा लांबवर पसरलेला. डिझेलचा 250, पण 1500 ते 2500 इतक्याच टप्प्यात. डिझेलची मजा म्हणजे हाच आखूड टप्पा: त्यात शिरलात की पाठीत धक्का बसतो, बाहेर पडलात की गिअर बदला. टीएसआयमध्ये असा धक्का नाही, गाडी नुसती वाढत जाते.

तरी ही तुलना निर्मळ नाही, हे सांगायलाच हवं. टीएसआय फक्त सात गिअरच्या डीएसजी ऑटोमॅटिकमध्ये मिळायची आणि टीडीआय फक्त पाच गिअरच्या मॅन्युअलमध्ये. टीडीआय चालवून आलेला माणूस "काय मजा आली" म्हणतो, तेव्हा तो डिझेलवर खूश असतो की क्लच दाबून स्वतः गिअर टाकायला मिळाला यावर, हे वेगळं काढणं अवघड आहे. माझ्या मते निम्मं श्रेय मॅन्युअलचं.

काही श्रेय गाडीच्या हाडापेराचंही असतं. फियाटची पुंटो आठवा. 2009ला आली तेव्हापासून तिचं हायड्रॉलिक स्टिअरिंग हाताशी बोलायचं, आणि डिझेल असूनही ती खड्ड्यांवरून, वळणांवरून अशी बसायची की चालवणारा हसत उतरायचा. पुढे त्याच सांगाड्यात फियाटच्याच अबार्थ या तापट ब्रँडचं 145 अश्वशक्तीचं टर्बो पेट्रोल आलं आणि आपल्याकडची सर्वांत तापट हॅचबॅक झाली. सरळ रस्त्यावर अबार्थपुढे डिझेल पुंटोची काही मात्रा चालत नाही. पण कशेडीच्या जुन्या घाटरस्त्यावर, जिथे एका वळणातून निघेपर्यंत दुसरं येतं, तिथे अंतर किती कमी होतं ते चालवणाऱ्याला विचारा.

डिझेलच्या उणिवाही बोलल्या गेल्या. इंजिन जड, म्हणून नाक जड. वळणात जरा जोरात शिरलं तर पुढची चाकं बाहेर सरकायला बघतात. आणि दोन हजारांखाली जुन्या मल्टिजेटमध्ये जी पोकळी आहे तिचा दादर टीटीच्या सिग्नलला खरोखर वैताग येतो: क्लच सोडा, वाट बघा, मग एकदम उडी. अनघानेही हे मान्य केलं. "शहरात मी पण कंटाळते," म्हणाली.

मंदारने मध्येच ऑडीच्या आर10 या शर्यतीच्या गाडीचा विषय काढला: 2006ला ल माँची चोवीस तासांची शर्यत डिझेलने पहिल्यांदा जिंकली, साडेपाच लिटरचं व्ही12. ऐकायला छान आहे, पण त्याचा तेजसच्या निर्णयाशी संबंध नाही. शर्यतीत डिझेल जिंकलं म्हणून तेजसचं रोज बीकेसीच्या ऑफिसला जाणं मजेचं होत नाही.

हवेचा मुद्दा मात्र निखिलने काढला आणि तो कुणालाच खोडता आला नाही. डिझेलच्या धुरातली काजळी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हे खरे प्रश्न आहेत, 2015च्या फोक्सवॅगन घोटाळ्याने ते जगासमोर आणले. 1 एप्रिल 2020ला धुराचे बीएस6 नियम आले तेव्हा छोट्या डिझेलचा धूर स्वच्छ करायचा खर्च गाडीच्या किमतीला झेपेना. मारुतीने डिझेल सोडलं, फोक्सवॅगनने सोडलं, पुढे आय20नेही. आज नव्या हॅचबॅकमध्ये डिझेल हवं तर टाटाची अल्ट्रोझ, आणि तिचीही तापट आवृत्ती, रेसर, आणली ती टर्बो पेट्रोलवरच. शिवाय नव्या डिझेलला काजळीचा फिल्टर असतो. तो साठलेली काजळी जाळून स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग, चांगल्या वेगाने चालावी लागते. रोज चार किलोमीटर रांगत जाणाऱ्याचा फिल्टर तुंबतो. विजूदादा म्हणाले, असे दिवे लागलेल्या गाड्या त्यांच्याकडे येतात आणि मालकाला वाटतं इंजिन गेलं.

आता माझं मत, कारण तेजसने शेवटी मलाच विचारलं. डिझेल हॅचबॅक पेट्रोलइतकी मजा देते, असं मी ठामपणे म्हणतो, आणि कारण एकच: ती मजा वापरता येते. एक्सप्रेसवेवर कारला मर्यादा 100ची, घाटात त्याहून कमी. पेट्रोलचं वरचं गाणं दुसऱ्या गिअरला ऐकलं तरी ऐकून होईपर्यंत मर्यादा हाताशी येते. डिझेलची खेच 50 ते 80मध्ये मिळते, ओव्हरटेक करताना, चढावर, भरलेल्या गाडीत, म्हणजे आपण खरोखर जिथे गाडी चालवतो तिथे. टर्बो पेट्रोलने ही दरी पुष्कळ बुजवली हे निखिलचं म्हणणं मी मान्य करतो. पण टर्बो पेट्रोलला सतत चेपत नेलं की अ‍ॅव्हरेज झपकन पडतं आणि माणूस आपोआप पाय आवरता घेतो. डिझेलमध्ये पाय आवरावा लागत नाही.

तेजसला मी एवढंच म्हटलं: तुझं रोजचं ऑफिस बीकेसीला, गावी जाणं वर्षातून दोनदा. तू एन लाइन घे, ती तुला रोज आवडेल. अनघाच्या जागी तू असतास तर मी टीडीआयच सांगितली असती, पण टर्बो, इंजेक्टर आणि क्लच विजूदादांना दाखवल्याशिवाय टोकन देऊ नकोस असंही बजावलं असतं. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेलला बंदी घातली गेली तशी आपल्याकडे नाही, तरी 15 वर्षांनी फेरनोंदणी आहेच, तेव्हा पासिंगची तारीख आधी बघायची.

निखिल खूश झाला, अनघा नाही. ती तेजसला म्हणाली, "सही करण्याआधी रविवारी माझी गाडी घेऊन माळशेज चढून ये. मग सांग." तेजसने चावी घेतली.