वेळेवर न थांबलेला ओव्हेच्किन

खेळाडूने शिखरावर असतानाच निवृत्त व्हावे, हा सल्ला देण्यात आपण मराठी माणसे कधीच कंजुषी करत नाही. सल्ला ऐकायला भारदस्त वाटतो. पण तो मानला गेला असता तर काय काय घडलेच नसते, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. आइस हॉकीतील रशियन खेळाडू अलेक्झांडर ओव्हेच्किनच्या बाबतीत मात्र तो अगदी नेमका मांडता येतो. ७ जून २०१८ रोजी लास वेगासमध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्सने त्याच्या कर्णधारपदाखाली एनएचएल या उत्तर अमेरिकेतील लीगचा स्टॅन्ली चषक जिंकला. संघाच्या इतिहासातला तो पहिलाच चषक होता आणि बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच मिळाला. तेव्हा त्याचे वय ३२ होते आणि एनएचएलच्या नियमित मोसमांत मिळून त्याचे गोल होते ६०७. शिखर म्हणायचे तर याहून उंच काय असते? तो तिथे थांबला असता, तर थोर गोलवीरांच्या यादीत त्याचे नाव आदराने घेतले गेले असते आणि वेन ग्रेट्झ्कीचा ८९४ गोलांचा विक्रम अबाधित राहिला असता. तो थांबला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्याने ९०० गोलांचा टप्पा ओलांडला, आणि या लीगमध्ये तिथवर दुसरे कोणीही पोहोचलेले नाही.

मी वॉशिंग्टनला लागून असलेल्या उत्तर व्हर्जिनियात राहतो, त्यामुळे हा माणूस माझ्या गावचाच म्हणायचा आणि या लिखाणात थोडा पक्षपात असणार, हे आधीच सांगून टाकतो. पण माझे मत पक्षपातावर उभे नाही. माझे म्हणणे असे की ओव्हेच्किनच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध ही पूर्वार्धाला जोडलेली शेपटी नाही. त्याची थोरवी मुख्यतः याच वर्षांत सिद्ध झाली.

यासाठी दोघांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. ग्रेट्झ्कीने तिशी नुकतीच ओलांडली असताना, १९९०-९१ चा मोसम संपला त्या वेळी त्याचे ७१८ गोल झाले होते. पुढच्या आठ मोसमांत त्यात १७६ गोलांची भर पडली. शेवटच्या मोसमात तर त्याने फक्त ९ गोल केले. ओव्हेच्किनचे तिशी गाठेपर्यंत ४७५ गोल होते, म्हणजे तो जवळजवळ अडीचशे गोलांनी मागे होता. मात्र त्यानंतरच्या दहा मोसमांत त्याने ४२२ गोल केले. ग्रेट्झ्की उतरणीला लागला याला कारणे होती. १९९१ च्या कॅनडा कपमध्ये त्याला पाठीमागून जबर धडक बसली, पुढे पाठीच्या दुखण्याने त्याचा जवळपास अर्धा मोसम वाया गेला, आणि तसाही तो मुळात पास देणारा खेळाडू होता. त्याच्या निव्वळ असिस्टची, म्हणजे ज्यांतून गोल झाले अशा पासांची, संख्या १,९६३ आहे. गोल आणि असिस्ट मिळूनही दुसऱ्या कोणाचे इतके गुण झालेले नाहीत. तेव्हा दोघांत थोर कोण, या वादात मला पडायचे नाही. एवढेच म्हणायचे आहे की ग्रेट्झ्कीचा विक्रम पंचविशीतल्या पराक्रमाने रचला गेला आणि तो मोडला गेला पस्तिशीनंतरच्या चिकाटीने.

ही चिकाटी म्हणजे नेमके काय, ते आकड्यांपेक्षा प्रत्यक्ष पाहून लवकर कळते. आर्लिंग्टनमधील बॉल्स्टन येथे एका मॉलच्या बहुमजली वाहनतळाच्या माथ्यावर कॅपिटल्सचा सरावाचा रिंक आहे आणि तिथे सराव बघायला कोणीही जाऊ शकतो. काचेच्या अगदी जवळ उभे राहिले की टीव्हीवर न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. एका सकाळी सराव संपत आला होता आणि ओव्हेच्किन नेहमीप्रमाणे बर्फावर आखलेल्या डाव्या बाजूच्या वर्तुळात उभा होता. समोरून पास येत होते आणि तो एकही पास अडवत नव्हता. येणारी चकती (या खेळात चेंडूच्या जागी तीच असते) जशी आली तशीच, पुढच्या गुडघ्यावर वजन टाकून, जाळ्याकडे मारत होता. चकतीला लागण्याच्या क्षणी त्याची स्टिक धनुष्यासारखी वाकायची. पास थोडा मागे पडला तर तो पाय जराही न हलवता फक्त कंबर वळवून घ्यायचा आणि फटका तरीही त्याच उंचीने जायचा. गंमत म्हणजे, बाकीच्या सरावात धावाधाव करताना हाच माणूस सर्वांत संथ दिसत होता.

त्या जागेला सगळे हॉकीजग त्याच्याच नावाने ओळखते. प्रतिस्पर्ध्याच्या एखाद्या खेळाडूला शिक्षा होऊन तो दोन मिनिटे बाहेर बसला की समोरचा संघ गोलरक्षक सोडून पाचांऐवजी चारांवर येतो. या पॉवर प्लेमध्ये ओव्हेच्किन तिथे जाऊन उभा राहतो. तो उजव्या हाताचा असल्यामुळे डाव्या वर्तुळात त्याच्या स्टिकचे पाते येणाऱ्या पासकडे उघडे असते. पास रिंकच्या पलीकडच्या बाजूने आडवा येतो, गोलरक्षकाला एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे सरकावे लागते, आणि तो सरकत असतानाच फटका सुटलेला असतो. यात गुपित काहीच नाही. तो कुठे उभा राहणार आणि काय करणार हे दोन दशके प्रत्येक संघाला ठाऊक आहे, तरीही पॉवर प्लेवर सर्वाधिक गोल करण्याचा लीगचा विक्रम त्याच्याच नावावर आहे.

तरुणपणीचा ओव्हेच्किन वेगळा होता. २००५ मध्ये आला तेव्हा तो सुसाट धावणारा, समोरच्याला उडवून लावणारा दांडगा गडी होता. पहिल्याच मोसमात त्याने ५२ गोल केले आणि तिसऱ्या मोसमात ६५. पाय मंदावू लागले तसतसा त्याने आपला खेळ आवरता घेतला. २०१६-१७ मध्ये गोल ३३ वर आले तेव्हा तो संपला असे म्हणणारे पुष्कळ होते. पुढच्याच मोसमात त्याने ४९ गोल केले आणि चषक जिंकला. २०२१-२२ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्याने पुन्हा ५० गोल केले. एका मोसमात पन्नाशी गाठणारा तो लीगच्या इतिहासातला सर्वांत वयस्क खेळाडू ठरला. याआधीचा मान बॉस्टनच्या जॉनी ब्यूसिकचा होता आणि त्याने १९७०-७१ मध्ये ते केले तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. पुढच्या मोसमात ओव्हेच्किनने डिसेंबरच्या एकाच पंधरवड्यात दोन टप्पे गाठले: शिकागोत हॅट-ट्रिक करून ८०० गोल पूर्ण केले आणि विनिपेगविरुद्ध दोन गोल करून गॉर्डी हाउच्या ८०१ ला मागे टाकले. त्याच मोसमात, फेब्रुवारीत, त्याचे वडील वारले. मोसमाअखेर त्याचे गोल होते ४२.

मग आला २०२३-२४ चा मोसम, ज्याबद्दल बोलताना लोक घाई करतात. पहिल्या ४३ सामन्यांत फक्त ८ गोल. सलग १४ सामने एकही नाही, जे त्याच्या कारकिर्दीत कधीच घडले नव्हते. सरळ जाळ्यात जाणारे फटके खांबाबाहेर जाताना दिसत होते आणि वयाने अखेर गाठले, असा निष्कर्ष सगळ्यांनी काढला. माझ्या मते वयाइतकेच दुसरेही एक कारण होते. निक्लास बॅकस्ट्रॉम हा स्वीडिश सेंटर, म्हणजे मधला आक्रमक, २००७ पासून त्याच्या सोबतीला होता. ओव्हेच्किनच्या गोलांना सर्वाधिक पास याच माणसाचे. २०२२ च्या उन्हाळ्यात त्याच्या कंबरेच्या सांध्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याने खेळणे थांबवले. आयुष्यभर ज्याच्या पासवर फटके मारले तो माणूस उठून गेल्यावर नवी घडी बसायला अर्धा मोसम लागला, यात नवल कसले? उरलेल्या ३६ सामन्यांत त्याने २३ गोल केले. बाद फेरीत न्यूयॉर्क रेंजर्सने कॅपिटल्सला चार सामन्यांत गुंडाळले आणि त्यात त्याला एकही गुण मिळाला नाही, हेही इथेच नोंदवायला हवे.

पुढच्या मोसमाचे श्रेय बरेचसे प्रशिक्षक स्पेन्सर कारबेरी यांना जाते. त्यांनी ओव्हेच्किनचा बर्फावरचा वेळ कमी केला आणि डिलन स्ट्रोम व अलियाक्सेई प्रोटास या तरुण, लांब हातांच्या खेळाडूंना त्याच्या बाजूला दिले. कोपऱ्यातली झटापट त्यांनी करायची आणि मोकळी जागा शोधायचे काम याने करायचे, अशी ती विभागणी होती. पहिल्या १८ सामन्यांत १५ गोल झाले. त्यातला अठरावा सामना १८ नोव्हेंबर २०२४ चा, सॉल्ट लेक सिटीतला. दोन गोल करून झाल्यावर तिथे एका धडकेत त्याच्या डाव्या पायाचे हाड मोडले. एकोणचाळिसाव्या वर्षी पायाचे हाड मोडलेला खेळाडू सोळा सामने बाहेर बसतो, २८ डिसेंबरला टोरंटोत परततो आणि त्याच सामन्यात गोल करतो. मोसमाअखेर ६५ सामन्यांत ४४ गोल. गॉर्डी हाउने १९६८-६९ मध्ये, चाळिशी ओलांडून, नेमके ४४ गोल केले होते, आणि यारोमिर यागरने चव्वेचाळिसाव्या वर्षी फ्लोरिडासाठी २७. एवढ्या दोन नावांखेरीज या वयात याच्या पंगतीला बसवावे असे मला तरी फारसे कोणी दिसत नाही.

टोरंटोतला तो गोल रिकाम्या जाळ्यात होता, आणि टीकाकारांचे मुख्य बोट इथेच असते. पिछाडीवर असलेला संघ शेवटच्या मिनिटांत गोलरक्षकाला बाहेर काढून एक जादा आक्रमक आणतो. अशा वेळी चकती लांबूनही जाळ्यात ढकलता येते. असे सर्वाधिक गोल ओव्हेच्किनचेच आहेत. बचावासाठी तो कधीच प्रसिद्ध नव्हता, त्यामुळे आघाडी टिकवायच्या वेळी त्याला मैदानात ठेवणे हा विक्रमाला लावलेला हातभार होता, हा आक्षेप मला पूर्णपणे खोडून काढता येत नाही. पण ४ एप्रिल २०२५ ची संध्याकाळही लक्षात घ्यायला हवी. वॉशिंग्टनमध्ये शिकागोविरुद्ध दोन गोल करून त्याने ८९४ ची बरोबरी साधली होती, शेवटी शिकागोने गोलरक्षक बाहेर काढला, घरचे प्रेक्षक उभे राहून त्याच्या नावाचा गजर करत होते, आणि तो बाकावरच बसून राहिला. विक्रम रिकाम्या जाळ्यात मोडायचा नाही, असे त्याने प्रशिक्षकांना सांगितले होते. त्या रिकाम्या जाळ्यात गोल केला वीस वर्षांच्या रायन लेनर्डने, आणि एनएचएलमधला तो त्याचा पहिलाच गोल होता.

दोन दिवसांनी, ६ एप्रिलला, लाँग आयलंडवरच्या एल्मॉंटमध्ये न्यूयॉर्क आयलँडर्सविरुद्ध दुसऱ्या सत्रात पॉवर प्ले मिळाला. टॉम विल्सनचा आडवा पास, डावे वर्तुळ, समोर इल्या सोरोकिन हा रशियाचाच गोलरक्षक, आणि ८९५. मग हा जाडजूड गृहस्थ लहान मुलासारखा पोटावर बर्फावरून घसरत गेला. सामना थांबवून ग्रेट्झ्कीने स्वतः त्याचे अभिनंदन केले. ओव्हेच्किनचा हा १,४८७ वा सामना होता. ग्रेट्झ्कीही बरोबर तितकेच सामने खेळला होता. हा योगायोग फार मोलाचा आहे, कारण जास्त सामने मिळाले म्हणून जमले, असे आता कोणालाच म्हणता येत नाही. शिवाय ग्रेट्झ्कीच्या भरात लीगमध्ये एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून आठच्या आसपास गोल होत. ओव्हेच्किनच्या काळात ही सरासरी साधारण साडेपाच ते सव्वासहा राहिली.

तो सामना कॅपिटल्स ४-१ ने हरले. सचिनने मार्च २०१२ मध्ये मिरपूरला शंभरावे शतक केले तो सामनाही भारत बांगलादेशाशी हरला होता, आणि त्याआधीचे वर्षभर आपण त्या माणसाला काय काय ऐकवले होते ते सगळ्यांना आठवत असेल. कॅपिटल्सच्या बाबतीत मात्र विक्रमासाठी संघाचा बळी दिला, हा आरोप टिकत नाही. त्या मोसमात हा संघ लीगच्या ईस्टर्न कॉन्फरन्स या पूर्व गटात पहिला आला आणि बाद फेरीची पहिली फेरीही जिंकला.

एक गोष्ट मात्र मला खटकते. २०१७ मध्ये पुतिन यांच्या समर्थनासाठी त्याने इन्स्टाग्रामवर उघड मोहीम सुरू केली होती. युक्रेनवरील आक्रमणानंतर त्याने युद्ध नको असे म्हटले, पण पुतिन यांच्याविरुद्ध अवाक्षर काढले नाही. रशियात राहणाऱ्या नातेवाइकांची काळजी असणार, हे समजू शकते. तरीही त्याच्या गोलांवर टाळ्या वाजवताना हे विसरायचे, असे मी ठरवलेले नाही आणि ज्यांना टाळ्या वाजवणेच जमत नाही त्यांच्याशी माझे भांडण नाही.

५ नोव्हेंबर २०२५ रोजी सेंट लुईसविरुद्ध ९०० वा गोल झाला तेव्हा गोलरक्षक जॉर्डन बिनिंग्टनने ती चकती चक्क आपल्या पोशाखात लपवली आणि पंचांना ती काढून घ्यावी लागली. २०२१ मध्ये केलेला पाच वर्षांचा करार २०२५-२६ च्या मोसमापर्यंतचा, आणि त्या मोसमात पुन्हा तीच कुजबुज सुरू झाली: विक्रम झाला, नऊशे झाले, आता आणखी कशासाठी? माझे उत्तर सरळ आहे. संघाला त्याची गरज आहे की नाही हे संघाने ठरवावे. ते त्यांचे पैसे आहेत आणि त्यांची जागा आहे. पॉवर प्लेच्या दोन मिनिटांपुरते त्याला त्या डाव्या वर्तुळात उभे करायला कोणी तयार असेल आणि त्याला उभे राहायची इच्छा असेल, तर त्याने खुशाल खेळावे, मोसमाला पंधरा गोल झाले तरी. घसरण पाहणे आपल्याला जड जाते म्हणून त्याने घरी बसावे, ही मागणी प्रेक्षकाच्या सोयीची आहे आणि ती खेळाडूने मानलीच पाहिजे असे मला वाटत नाही.