सलामीचा सामना साडेदहाला नाही, साडेबाराला

‘२०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाची सलामी ११ जूनला रात्री साडेदहाला, फायनल १९ जुलैला न्यूयॉर्क शहरात’ असा मेसेज पैजा लावणाऱ्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. दोन्ही चूक.

मेक्सिको विरुद्ध दक्षिण आफ्रिका हा पहिला सामना मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियमवर, तिथल्या दुपारी १ वाजता. कुणीतरी त्यात न्यूयॉर्कचे साडेनऊ तास मिळवले आणि साडेदहा काढून मोकळा झाला. मेक्सिको सिटी आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे. म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेबारा, आणि तारीख १२ जून. व्हँकुव्हर, लॉस एंजेलिसला तर फरक साडेबारा तासांचा. तीन देश, सोळा शहरं. सगळ्यांना एकच बेरीज कशी लागेल?

फायनल न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफोर्डला, मेटलाइफ स्टेडियमवर. फिफाच्या यादीत यजमानाचं नाव ‘न्यूयॉर्क न्यू जर्सी’ असं आहे, मेसेजवाल्याने अर्धंच उचललं. तिथे १९ जुलैचे दुपारचे ३, इथे रविवारची रात्र सरून २० तारखेचे साडेबारा.

पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर केंद्राच्या २०२५ च्या कायद्याने बंदी आहे, हे मात्र मेसेजमध्ये कुठेच नाही.