कोरडे कोणाच्या अंगावर?

‘तिकडे इंग्लंडात बसून कोरडे ओढायला तुझं काय जातं?’ पुण्याच्या एका जुन्या मित्राने मला ऐकवलं. एका नव्या मराठी कादंबरीबद्दल मी जरा कडक लिहिलं होतं, त्यावर. शिवाय, ‘कोरडे ओढणे’ हा प्रयोगच जुनाट आणि हिंसक, समीक्षेतून तो काढून टाकावा, असंही त्याचं मत. हल्ली म्हणे लेखकाला फक्त ‘समजून घ्यायचं’ असतं.

हिंसक? शाळेत तुकोबांनी दांभिकतेवर आणि आगरकरांनी रूढींवर कोरडे ओढल्याचं उत्तरपत्रिकेत आपण सगळ्यांनीच लिहिलंय. वाक्य घोकीव असेल, पण शब्द नेमका होता. ताशेरे न्यायालय ओढतं, वरच्या खुर्चीवरून. वाभाडे माणसाचे निघतात. कोरडे ओढायचे ते ढोंगावर, रूढीवर. कोरडा म्हणजे चाबूक, कबूल. पण तो चाबूक आपण पाहिलाय तो मरीआईच्या पोतराजाच्या हातात, आणि पोतराज तो स्वतःच्याच उघड्या अंगावर ओढतो.

1874 साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमाला सुरू केली आणि जवळजवळ एकहाती चालवली. त्यात जोतीरावांच्या भाषेची, व्याकरणाची त्यांनी यथेच्छ टर उडवली. ती टर मला आजही खुजी वाटते. जोतीरावांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तो त्याच भाषेत. व्याकरणाची भीड धरली नाही आणि असूड हे नाव ठेवायलाही कचरले नाहीत. दोघांनीही आपापल्या नावानिशी लिहिलं. इथे लंडनच्या टाइम्स लिटररी सप्लिमेंट या पुस्तक-परीक्षणांच्या साप्ताहिकात 1974 पर्यंत परीक्षणाखाली सहीच नसायची. सभ्य समीक्षेचे दाखले मला देणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं. (इथल्या रविवारच्या पुरवण्या सहीनिशी लेखकांना सोलतात आणि मी त्या चवीने वाचतो, हे मित्राला सांगितलं नाही.)

तरीही त्याचा प्रश्न पाठ सोडत नाही. पोतराजाचा कोरडा त्याच्याच कातडीवर पडतो, म्हणून तर लोक थांबून बघतात. माझा कुठे पडतो? मराठी शाळांना पोरं मिळत नाहीत म्हणून मी हळहळतो, आणि माझ्या मुलीला बाराखडी ‘ठ’च्या पुढे येत नाही. ग्रंथालयं ओस पडली म्हणतो, पण वर्गणी भरतो ती लीड्सच्या जिमची. मी मारतो लांबून आणि वळ उठतात दुसऱ्याच्या पाठीवर, असं त्याला म्हणायचं असेल तर त्याला उत्तर देणं सोपं नाही.

पण मग गप्प बसायचं का? बागेतल्या कचऱ्याचा ब्राऊन बिन न्यायला गाडी आली नाही की मी काउन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, खरमरीत ईमेल टाकतो. तू कुठला, असं तिथे कुणी विचारत नाही. काउन्सिल टॅक्स भरतो, तेवढं पुरतं. आणि त्या ईमेलने माझी रक्तदाबाची गोळी कधी वाढलेली नाही. त्या कादंबरीतली बाई मात्र वऱ्हाडातली असून पानंच्या पानं मालिकेतल्या सुनेसारखी बोलते, हे वाचून माझी अख्खी रात्र खराब झाली होती. मित्राने पुस्तक अजून वाचलेलंच नाही. त्याने आधी ते वाचावं आणि मग हवं तर माझ्यावर कोरडे ओढावेत.