लाकूड फुकट नसतं, दादा

सध्या आमच्या घरात जळणावरून वाद चालू आहे. नागावच्या अलीकडे दादाचं कॉटेज आहे. शनिवार-रविवार मुंबई-पुण्याची माणसं येतात. पाहुण्यांचं रोजचं जेवण आता पूर्ण गॅसवर करू आणि मागच्या अंगणात गॅसचं एक बार्बेक्यू घेऊ, असं यंदा वहिनीनं सुचवलं. दादा, काका आणि दोन चुलतभाऊ यांनी मिळून तो विषय एका वाक्यात संपवला: "वाडीत लाकूड फुकट पडलंय, सिलिंडरला पैसे कोण घालणार?" मी अमेरिकेतून फोनवर होते. मी वहिनीची बाजू घेतली, तर मला ऐकवलं, "तुम्हाला तिकडे गॅस स्वस्त. तरी तुम्ही हौसेनं कोळसा पेटवता, आणि आम्हाला चूल विझवायला सांगता?"

हे वाक्य डोक्यातून जात नाही. त्यातलं निम्मं चूक आहे, आणि उरलेल्या निम्म्याला उत्तर दिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी गॅस. मी शिकागोच्या पश्चिमेला राहते. डेकवरच्या, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्यावरच्या ग्रिलला लागतो तो 20 पौंडांचा, म्हणजे 9 किलोचा प्रोपेनचा सिलिंडर. यू-हॉल या ट्रक भाड्यानं देणाऱ्या दुकानात नेऊन भरून घेतला तर वीसेक डॉलर पडतात. गॅस स्टेशनच्या, म्हणजे पेट्रोल पंपाच्या बाहेरच्या पिंजऱ्यातून बदलून घेतला तर पैसे तितकेच किंवा थोडे जास्त, आणि आत गॅस बहुधा 15 पौंडच. डॉलर 85 रुपयांनी धरला तर स्वस्तातला स्वस्त प्रोपेन किलोला 190 रुपयांच्या आसपास जातो. एप्रिल 2025 मध्ये 50 रुपयांनी वाढल्यावर मुंबईत 14.2 किलोचा घरगुती सिलिंडर 852 रुपये 50 पैशांना झाला. म्हणजे किलोला 60 रुपये. गॅस स्वस्त कुणाला, हे दादानं सांगावं.

यावर तो काय म्हणेल ते मला माहीत आहे, आणि ते खरंही आहे. आमच्या इलिनॉय राज्यात तासाची किमान मजुरी 15 डॉलर आहे, म्हणजे दीड तासाच्या कामात ग्रिलचा सिलिंडर येतो. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी 2025-26 साठी दिवसाला 312 रुपये होती. तिथे एका सिलिंडरसाठी जवळजवळ तीन दिवस राबावं लागतं. शिवाय कॉटेजसाठी घरगुती सिलिंडर वापरणं कायद्यात बसत नाही. 19 किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो आणि तो किलोमागेही बराच महाग पडतो. गॅस आमच्याकडे जड जातो हे मी कधीच नाकारलं नाही. माझं भांडण दुसऱ्या आकड्याशी आहे. लाकडापुढे दादानं जे शून्य मांडलंय, त्याच्याशी.

सुकं लाकूड किलोला साधारण 16 मेगाज्यूल उष्णता देतं. मातीच्या चुलीत त्यातली दहा-पंधरा टक्केच भांड्याला लागते. बाकीची भिंतीला, छपराला आणि फुंकणाऱ्याच्या तोंडाला. गॅस किलोला 45 मेगाज्यूल देतो आणि साध्या शेगडीवरही त्यातला निम्म्याहून जास्त भांड्याला लागतो. म्हणजे एका घरगुती सिलिंडरचं काम करायला दीड-दोनशे किलो सुकं लाकूड लागतं. डोक्यावरची मोळी वीस किलोची धरा. आठ ते दहा मोळ्या झाल्या. साडेआठशे रुपयांना त्यांनी भागा: मोळीला शंभराच्या आत-बाहेर पैसे पडतात. तोडायची, फोडायची, सुकवायची, बांधायची, डोक्यावरून आणून पावसाआधी माळ्यावर रचायची अशी एक मोळी शंभर रुपयांत आणून देणारा गडी दादानं मला नागावात दाखवावा. नारळ पाडायला येणारा झाडामागे पैसे मोजून घेतो, कुंपण घालणारा रोज घेतो. जळण गोळा करणारं माणूस मात्र घरातलंच असतं, म्हणून त्याच्या नावापुढे काही लिहायचं नाही. आधी ते माणूस आई होती. आता वहिनी आहे.

झावळ्या, सोडणं, करवंट्या ही वाडीची मेहेरबानी आहे, हे मान्य. पण पावसाळ्याची बेगमी झावळ्यांवर होत नाही. झावळी भुरकन पेटते आणि भात शिजायच्या आत विझते.

आणि वाडीत लाकूड "पडलंय" ते कसं पडलं, हेही घरात कुणी आठवत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, चौल-रेवदंडा, आमचं नागाव, सगळीकडे सुपारी, माड, आंबा, फणस आडवे झाले. सुपारीचं रोप लावल्यावर धरायला सहा-सात वर्षं लागतात आणि आंब्याचं झाड आजोबांनी लावलेलं असतं. त्या वेळी विमानं बंद होती. मी इथे बेसमेंटमध्ये बसून फोनवर आमची वाडी पाहिली, घरापासून थेट मागच्या गडग्यापर्यंत मोकळं आभाळ. त्या आंब्या-फणसाच्या ओंडक्यांवर पुढची काही वर्षं आमची चूल चालली. त्या जळणाला फुकट म्हणताना दादाची जीभ कशी वळते? ते आमच्या घरानं आजवर जाळलेलं सगळ्यात महाग लाकूड आहे.

इथे कुणी लाकडाला फुकट म्हणत नाही. मागचा मेपल वाळला तर काढायला हजार डॉलरच्या वर बिल येतं आणि त्याच झाडाची चार लाकडं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दुकानाबाहेर विकायला ठेवलेली असतात. ज्या ब्रिकेटच्या, म्हणजे कोळशाच्या वड्यांच्या पोत्यांचे मेअखेरीस मेमोरियल डेच्या सुट्टीला ढीग लागतात, त्यांचा धंदा 1920 च्या दशकात हेन्री फोर्डनं मिशिगनमध्ये उभा केला. मोटारींच्या लाकडी भागांतून उरलेला भुसा आणि तुकडे होते. त्यांचा कोळसा करून, वड्या पाडून, पोत्यात भरून त्यानं विकायला काढल्या. त्यालाही म्हणता आलं असतं की हे कारखान्यात फुकट पडलंय. त्यानं मजुरी धरली, पोत्याची किंमत धरली, वर नफा धरला. हा व्यवहार मला इथे पटतो, आणि तो घरी सांगितला की मी अमेरिकन होते.

आता हौसेचा कोळसा. माझ्याकडे गॅसच्या ग्रिलशेजारी एक काळी गोल केटलही आहे, म्हणजे कोळशावर भाजायची झाकणाची शेगडी. 1952 साली शिकागोच्याच जॉर्ज स्टीफनने वेबर ब्रदर्सच्या पत्र्याच्या कारखान्यात पहिली केटल बनवली, तीही पाण्यावर तरंगणारे बोये बनवायचे त्यांचेच अर्धगोल घेऊन. रेवदंड्याच्या खाडीत बोये बघत वाढलेल्या मुलीला ही गोष्ट आवडली नसती तरच नवल. पण हिशेबानं पाहिलं तर ती केटल मला महागच पडते. तीन बर्नरचं ग्रिल तासाला 30,000 बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं माप) खातं. बदलून आणलेला सिलिंडर पूर्ण आचेवर दहा-अकरा तास पुरतो, म्हणजे तासाला दोनेक डॉलर. चिमणीभर, म्हणजे कोळसा पेटवायच्या नळकांड्यात मावतील तेवढ्या ब्रिकेट एका वेळेला तीन डॉलरच्या खाली बसत नाहीत, आणि निखारे तयार व्हायला वीस मिनिटं आधी पेटवावे लागतात ते वेगळंच. ज्यांच्या घरी डेकपर्यंत गॅसची लाइन आहे त्यांना तर तासाला अर्धा डॉलरही पडत नाही. लाइन घालून घेतानाच काय ते प्लंबरचं बिल येतं. तरी मी कोळसा पेटवते. दादानं नेमकं इथेच मला पकडलंय, असं त्याला वाटतं.

फरक असा आहे की माझ्यावर कोळशाची सक्ती नाही. मला वाटलं तर पेटवते, नाही वाटलं तर बटण दाबते. धूर उघड्यावर जातो. आमच्या स्वयंपाकघरात तो कौलांखाली कोंडून राहायचा. आईच्या खोकल्याला घरात कधी कुणी आजार म्हटलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं 2020 या एका वर्षात घरातल्या धुरानं जगभर 32 लाख माणसं गेली. हायवेला "चुलीवरचं जेवण" अशी पाटी लावणाऱ्यांनी एकदा त्या चुलीपुढे महिनाभर बसावं.

आणि बाजारातल्या कोळशाबद्दल तर आम्ही रायगडच्या लोकांनी बोलताना जपायला हवं. मातीच्या भट्टीत एक किलो कोळशाला चार-पाच किलो लाकूड जातं. त्या भट्ट्या लावायला दिवाळीनंतर आपल्याच जिल्ह्यातली कातकरी कुटुंबं उचल घेऊन, मुलाबाळांसकट परमुलखात जातात, पावसाच्या तोंडावर परत येतात, आणि उचल फिटलेली नसेल तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाबरोबर निघतात. शेजारच्या फार्महाउसवर शनिवारी जे बार्बेक्यू धडधडतं, त्याच्या पोत्यावर ही किंमत छापलेली नसते. माझ्या पोत्यामागे कोण राबलं हे मीही विचारायला हवं, असं दादा म्हणेल तर म्हणू दे. विचारायला दोघांनाही सारखाच हक्क आहे.

पोपटीला मात्र मी गॅस लावू देणार नाही, हे लिहून ठेवते. थंडी पडली, वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात खाली भांबुर्डीचा पाला, मग शेंगा, ओवा, जाडं मीठ, अंडी, बटाटे, हवं तर मसाला लावलेलं चिकन, पुन्हा वर पाला दाबून मडकं उलटं करायचं आणि भोवती झावळ्या, पेंढा, गवऱ्या रचून पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. पाल्याच्या ओलाव्यावर अर्ध्या तासात सगळं शिजतं. हे जळण वर्षातून काही रात्रींचं, उघड्या शेतातलं, आणि त्याला खरंच दुसरा उपयोग नाही. दादा दोन्ही गोष्टी एका पोत्यात घालतो. मी पोपटी वाचवायला सांगितलं तर तो म्हणतो चूलही राहू दे, आणि चूल घालवायला सांगितलं तर म्हणतो मग पोपटीही गॅसवर करा.

पोपटी कोण लावतं? पुरुष. इथे डेकवर चिमटा घेऊन कोण उभं असतं? नवरे. सणाची आग दोन्हीकडे पुरुषांच्या हातात असते, तिच्याभोवती गप्पा होतात, वाहवा मिळते. रोजची आग बायकांची, आणि ती फुकट. इतक्या वर्षांत मला दोन देशांत यात फरक दिसला नाही. फरक एवढाच की इथल्या रोजच्या आगीला धूर नाही.

वादाच्या शेवटी दादा म्हणाला, "तुला काय करायचंय, तू तिकडची." त्याआधीचं सगळं मी आकड्यांनी खोडून काढलं असतं. याला माझ्याकडे आकडा नाही. बाबा गेल्यावर हक्कसोडपत्रावर मी राजीखुशीनं सही केली. कायद्यानं 2005 पासून मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे हे ठाऊक असून केली. वाडी राबणाऱ्याची, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. सातबाऱ्यावर माझं नाव नाही. निसर्गनंतर सुपारीची नवी रोपं घ्यायला पैसे पाठवले, ती दादानं लावली, जगवली. पण रोपांना पाणी घालणारी मी नव्हते. म्हणून जळणाचा विषय निघाला की मी इतकी तावातावानं बोलते. घरातली ही एकच गोष्ट अशी आहे, जी मला अजून हातानं येते. कुठलं लाकूड तडतडतं, कुठलं धुरकटतं, पावसात चूल कशी पेटवायची, हे मी आठवीत शिकले ते विसरलेले नाही. माझ्या मुलांना ग्रिलचं बटण माहीत आहे.

आणि कोळसा मी का पेटवते, तेही सांगून टाकते. खर्चात तो बसत नाही, वेळात बसत नाही, शेजारची बाई खिडक्या लावून घेते. पण ऑक्टोबरात संध्याकाळ लवकर पडते तेव्हा पहिल्या दहा मिनिटांचा धूर मला आमच्या मागच्या दारात नेऊन उभं करतो. भांबुर्डी इथे मिळत नाही. कोबीची पानं घालून, फ्रोझन पापडी घालून मी पोपटी करून पाहिली. ती पोपटी झाली नाही. मी तीन डॉलरला घरचा धूर विकत घेते आणि पुरेसा झाला की आत येऊन दार लावते. वहिनीला तो धूर रोज सकाळी साडेपाचला मिळतो आणि तिला दार लावता येत नाही. दादानं मला ढोंगी म्हणण्याआधी या दोघींतला फरक बघावा.

कॉटेजच्या दरपत्रकात चुलीवरच्या थाळीला गॅसवरच्या थाळीपेक्षा जास्त दर आहे. पाहुणे तो आनंदानं देतात. मग तो वरचा पैसा वहिनीच्या खात्यात जाऊ दे, तिच्या नावानं, दर महिन्याला. न्हाणीचं पाणी आणि रोजचा नाश्ता गॅसवर जाऊ दे, स्वयंपाकघराच्या कौलांत धुराडं बसू दे. धुराड्याचे पैसे मी पाठवते, ते दादाला मी आधीच सांगितलंय. एवढं करून वहिनी म्हणाली की तिला चूलच बरी, तर मी पुन्हा यावर बोलणार नाही. पण ते तिनं म्हणायला हवं, आणि तिला अजून कुणी विचारलेलं नाही.