‘ऑफिस हाच सगळ्यात सभ्य शेजारी’? जरा थांबा

पुण्यातल्या सोसायट्यांच्या गटांवर एक मजकूर फिरतोय: ‘शेजारी ऑफिस येतंय तर घाबरू नका. सातला कुलूप लागतं, यंत्रं गच्चीवर असतात, काचेमुळे उजेड वाढतो आणि सामासिक अंतर (प्लॉटच्या हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) सोडलं की शेजाऱ्याचा प्रश्नच उरत नाही.’

सातचं कुलूप हा तर विनोदच. अमेरिकेच्या वेळेवर चालणाऱ्या कंपनीत माणसं संध्याकाळी कामावर येतात. सर्व्हर रूमचा एसी तर कधीच बंद होत नाही.

आता गच्ची. ऑफिसचा मजला साधारण 4 मीटरचा, घराचा 3 मीटरचा. म्हणजे चार मजली ऑफिसची गच्ची 16 मीटरवर, पार्किंगवर उभ्या सोसायटीच्या पाचव्या मजल्याच्या खिडकीसमोर. एसीच्या एका आउटडोअर युनिटचा आवाज 1 मीटरवर 60 डेसिबल धरा. अशी दहा युनिटं मिळून 70. अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल कमी होतात, म्हणून युनिटांपासून 16 मीटर अंतरावर 46. मागे भिंत असेल तर परतलेल्या आवाजाचे आणखी 3 पर्यंत वाढतात. हिशेब ढोबळ आहे, पण निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 मर्यादा 45 डेसिबलची आहे.

उपाय म्हणून युनिटांभोवती पत्रे ठोकतात आणि तिथेच फसतं. गरम हवा कोंडून पुन्हा आत ओढली जाते, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, उन्हाळ्यात ट्रिपही होतो. त्याऐवजी युनिटं सोसायटीपासून लांबच्या कडेला न्या. मध्ये युनिटांपेक्षा किमान अर्धा मीटर उंच भरीव भिंत बांधा, आतून आवाज शोषणारं अस्तर लावा, वरची बाजू मोकळी ठेवा. पाचव्या मजल्यावरून युनिट दिसत असेल तर ती भिंत शोभेची.

जनरेटरच्या धुराड्याचं सूत्र प्रसिद्ध आहे: इमारतीची उंची अधिक केव्हीएच्या (म्हणजे जनरेटरच्या क्षमतेच्या) वर्गमुळाची 0.2 पट, मीटरमध्ये. 250 केव्हीएला सुमारे 3.2 मीटर, म्हणजे तोंड 19 मीटरच्या थोडं वर. कागदोपत्री चोख, पण सोसायटी सात मजली असेल तर धूर सहाव्या मजल्याच्या खिडकीत. सूत्रातली उंची जनरेटर ज्या इमारतीचा, तिची; शेजाऱ्याची नव्हे. धुराडं दूरच्या कोपऱ्यातून आणि शेजारच्या गच्चीच्याही वर न्यायला नकाशावर फार खर्च येत नाही, नंतर येतो.

काचेने उजेड वाढतो हे खरं, फक्त नको तेव्हा. पश्चिमेच्या काचेवर पडलेलं कलतं ऊन समोरच्या घरांच्या पूर्वेकडच्या खिडक्यांत शिरतं. लंडनच्या 20 फेनचर्च स्ट्रीट इमारतीच्या अंतर्वक्र काचेने 2013 साली खाली उभ्या गाडीचे भाग वितळवले होते. सपाट काच इतकं करत नाही, पण संध्याकाळी पडदे ओढायला लावते. तिथे बाहेरचं परावर्तन 15 टक्क्यांच्या आतली काच आणि काचेबाहेर उभे पंख, म्हणजे ऊन अडवणाऱ्या उभ्या पट्ट्या, हवेत.

सामासिक अंतराने हवा मिळते, आडोसा नाही. सोसायटीच्या बाजूला जिना, लिफ्ट, स्वच्छतागृहं घेतली तर समोरासमोर खिडक्याच येत नाहीत. आणि तळघराचा रॅम्प! वर येणाऱ्या गाडीचे दिवे तळमजल्याच्या बेडरूमवर पडतात का, ते पाहा. रॅम्पच्या माथ्यावरची लोखंडी जाळी रबरावर बसवून बोल्टने आवळा. सैल राहिली तर रात्रपाळीच्या प्रत्येक गाडीला दोनदा वाजते, पुढच्या चाकाला एकदा, मागच्या चाकाला एकदा.