कांगोच्या जंगलात सापडलेला आयर्लंड

घरी फोनवर राजकारणाचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "तिकडे बसून इथलं बोलू नकोस." दुसरं, सरकारचा पगार खाणाऱ्याने सरकारविरुद्ध बोलणं म्हणजे देशद्रोह. डब्लिनमध्ये राहणाऱ्या मला दोन्ही वेळा रॉजर केसमेंट आठवतो.

डब्लिनजवळ १८६४ साली जन्मलेला हा माणूस ब्रिटिश परराष्ट्र खात्याचा नोकर. कांगोत कॉन्सल असताना १९०३ साली तो छोट्या आगबोटीने नदीच्या वरच्या भागात गेला आणि गावोगाव उतरून त्याने जबान्या घेतल्या. तो मुलूख बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाची खासगी मालमत्ता होता. रबर कमी भरलं की बायकांना ओलीस धरायचे. सैनिक माणसांचे हात तोडायचे. पुढच्या वर्षी त्याचा अहवाल छापताना खात्याने माणसांची आणि गावांची नावं गाळली, तेव्हा तो आपल्याच वरिष्ठांवर संतापला. पुढे पेरूच्या पुतुमायो खोऱ्यात त्याला तोच छळ दिसला, आणि तिथली कंपनी तर लंडनमध्ये नोंदलेली! त्याने तेही लिहिलं. १९११ साली त्याला 'सर' किताब मिळाला.

कांगोच्या त्या एकाकी जंगलात आपल्याला आपलं आयरिशपण सापडलं, असं त्याने १९०७ च्या एका पत्रात लिहिलंय. घरापासून इतकं लांब गेल्यावरच त्याला घर नीट दिसलं. माझ्या नातेवाइकांना मला नेमकं हेच सांगायचं असतं.

नोकरी सोडून पहिल्या महायुद्धात तो ब्रिटिशांविरुद्ध आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी जर्मनीकडे मदत मागायला गेला. हे मला पटत नाही. त्याच कैसरच्या फौजेने नैर्ऋत्य आफ्रिकेत हेरेरो जमातीचा संहार केला होता. कांगो पाहिलेल्या माणसाने त्याचा विचार करायला हवा होता. एप्रिल १९१६ मध्ये पाणबुडीतून आयर्लंडमधल्या केरीच्या किनाऱ्यावर उतरताच तो पकडला गेला आणि ३ ऑगस्टला लंडनमध्ये फाशी गेला. देशद्रोहाचा तो कायदा १३५१ सालचा! दयेचा अर्ज करणाऱ्यांची तोंडं बंद व्हावीत म्हणून सरकारने त्याच्या समलिंगी संबंधांच्या डायऱ्या गुपचूप फिरवल्या.

आयर्लंडने १९६५ साली त्याच्या अस्थी परत आणल्या. इथे आजही त्याच्यावर वाद होतात, पण कांगोचा अहवाल कुणी खोटा ठरवत नाही. आपल्याकडे टिळकांना १९०८ साली मंडालेला धाडणाऱ्या राजद्रोहाच्या १२४अ कलमाला सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्थगिती दिली. नव्या न्याय संहितेत त्याच्या जागी कलम १५२ आलं. वाद घालायचा तर या कलमावर घाला. बोलणारा कुठे राहतो आणि कुणाचा पगार घेतो, हे नंतर बघू.